उद्योगमहाल पडला, टोपली उरली

राजवाडा पडला की इतिहासकार हळहळतो, गिरणी पडली की कामगार. पण जी इमारत एके काळी साम्राज्याचा दिमाख होती आणि पुढे नुसते गोदाम झाली, तिच्याविषयी कोणी बोलायचे? लंडनच्या वायव्येला वेम्ब्ली येथे अशी एक इमारत होती. ‘पॅलेस ऑफ इंडस्ट्री’ हे तिचे नाव. तिच्या ऱ्हासाची हकीकत मी इथे सांगतो आहे, कारण तिचा एक धागा थेट आपल्या वस्तीपर्यंत येतो.

२३ एप्रिल १९२४ रोजी पंचम जॉर्ज बादशहाने वेम्ब्लीत ब्रिटिश साम्राज्य प्रदर्शनाचे उद्घाटन केले. महायुद्धाने खिळखिळे झालेले साम्राज्य अजून भक्कम आहे, हे जगाला दाखवायचे होते. १९२४ आणि १९२५ या दोन हंगामांत सुमारे २ कोटी ७० लाख लोक येऊन गेले. हिंदुस्थानचा घुमट-मिनारांचा मंडप तिथे होता, आणि लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटचे दोन अवाढव्य महाल होते : एक इंजिनिअरिंगचा, दुसरा उद्योगांचा.

उद्योगमहालात काय मांडले होते? कोळसा, धातू, रसायने, औषधे, कपडे, तंबाखू, ग्रामोफोन, स्फोटके. आणि याच यादीत मैलापाण्याची विल्हेवाट! या नोंदीपाशी मी थबकतो. मैला हा विषय तिथे महालात मांडण्याजोगा होता. तो इंजिनिअरचा विषय होता, अभिमानाचा होता.

त्याच साम्राज्याच्या मुंबईत १८८८ च्या महापालिका कायद्यात ‘हलालखोर’ हा शब्द होता, त्या नावाचा करही होता. भुयारी गटारे आली तरी आपल्या शहराशहरांतले टोपल्यांचे संडास चालूच राहिले, आणि टोपली कोणाच्या डोक्यावर जायची हे जन्माने ठरत राहिले. लंडनच्या गटारातही माणूस उतरत होता. पण त्याच्या मुलानेही तिथेच उतरावे असे कोणते शास्त्र सांगत नव्हते. राज्य एकच, काळही एकच. तिकडे मैल्याचे शास्त्र झाले, इकडे मैल्याची जात झाली. इंग्रजाला स्वस्त हात हवे होते, जात मोडायची नव्हती. सवर्णाला घरात नळ हवा होता, पण टोपलीखालचा माणूस मोकळा करायचा नव्हता. दोघांचे चांगले जमले.

प्रदर्शनाचा पहिला हंगाम भरात असताना, २० जुलै १९२४ रोजी, बाबासाहेबांनी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. पुढे २० मार्च १९२७ ला महाड घडले. वापरलेले पाणी वाहून कसे न्यावे, हे साम्राज्याच्या महालात मांडून झाले होते. इकडे तळ्याच्या पाण्याची ओंजळ भरण्यासाठी माणसांना डोकी फोडून घ्यावी लागली.

प्रदर्शन तोट्यात गेले. बरेच मंडप मोडले गेले. हे महाल मात्र उरले, आणि त्याचे एक कारण फार साधे होते : एवढे काँक्रीट पाडणेच महाग होते. मग त्यांत गोदामे आली, छोटे कारखाने आले; भोवतालचा परिसर औद्योगिक वसाहत झाला. ज्या दालनांत मालाची पूजा झाली होती, तिथे माल उचलणारी माणसे वावरू लागली. पण त्यांना पाहायला कोणी तिकीट काढून आले नाही. इंजिनिअरिंगचा महाल १९७० च्या दशकात पाडला गेला. उद्योगमहालाचा शेवटचा भाग २०१३ मध्ये जमीनदोस्त झाला. त्याच्या भिंतींवरची काँक्रीटची सिंहमुखे मात्र जपून ठेवली. साम्राज्य गेले, त्याचा सिंह वारसा म्हणून राहिला.

त्याच २०१३ साली आपल्या संसदेने हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध नवा कायदा केला. ६ डिसेंबरपासून तो लागू झाला. १९९३ चा कायदा असताना दुसरा करावा लागला, यातच पहिल्याची कहाणी आली. गटारात मेलेल्यांच्या कुटुंबांना १० लाख रुपये द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले; २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. भरपाई वाढली, मरण थांबले नाही. काँक्रीटचा महाल ८९ वर्षांत संपला. टोपलीने मात्र रूप बदलले आणि ती मॅनहोलच्या तोंडाशी येऊन बसली.

म्हणून त्या महालासाठी मला रडू येत नाही. पण त्याच्या पडण्यातून एक काम समोर येते. आपल्या गावातला शेवटचा टोपलीचा संडास कधी बंद झाला, ती टोपली कोणत्या वस्तीतून उचलली जाई, नगरपालिकेच्या जुन्या दफ्तरात त्या माणसांची नावे आहेत की नुसती संख्या, हे विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी शोधावे. कार्यकर्त्यांनी म्हाताऱ्या माणसांकडे बसून ते लिहून घ्यावे. ती माणसे आता थोडी उरली आहेत.