कीकोडवरून कीसिम

दाबलेल्या कळीच्या क्रमांकावरून तिचे चिन्ह ठरवण्याची क्रिया. कळफलकाला अक्षरे ठाऊक नसतात. अमुक जागची कळ दाबली किंवा सोडली, एवढेच तो कळवतो. तो क्रमांक म्हणजे कीकोड आणि त्यातून निघणारे चिन्ह म्हणजे कीसिम. ही विभागणी १९८७च्या एक्स११ या खिडकी-प्रणालीत रूढ झाली. तिची जुनी लायब्ररी एक्सलिब, तर वेलँड या नंतरच्या प्रणालीच्या काळातली लिबएक्सकेबीकॉमन.

एक्समध्ये कीकोड ८ ते २५५ असतात, तर लिनक्सचे कर्नल स्वतःचे क्रमांक देते. दोन्हींत ८चा फरक आहे. इंग्रजी ‘के’ची कळ कर्नलच्या लेखी ३७, एक्सच्या लेखी ४५. वेलँडमध्ये कर्नलचाच क्रमांक हाती येतो आणि त्यात ८ मिळवणे प्रोग्रामवर सोपवलेले असते. ते विसरले तर ‘के’ दाबल्यावर लायब्ररी डावे कंट्रोल दाबल्याचे सांगते, कारण एक्सचा ३७ तोच. नवख्याचा अर्धा दिवस यात सहज जातो.

पुढचे काम मांडणीच्या तक्त्याचे. आधी गट, म्हणजे चालू असलेली मांडणी, आणि मग पातळी, म्हणजे शिफ्ट वगैरे पाहून त्या घरातले चिन्ह उचलले जाते. ४५ क्रमांकाची कळ अमेरिकी मांडणीत ‘के’ देते. इन्स्क्रिप्ट या देवनागरी मांडणीत तीच ‘क’ देते आणि शिफ्टसह ‘ख’. ‘क’चा कीसिम षोडशमान पद्धतीत १०००९१५, त्यातला शेवटचा ९१५ हा युनिकोडमधला ‘क’चा क्रमांक. एक्सकीकोडटूकीसिम या जुन्या फंक्शनला गट आणि पातळी मिळून एकच स्तंभ-क्रमांक द्यावा लागे. पुष्कळ प्रोग्राम तिथे डोळे मिटून शून्य देत, मग शिफ्ट दाबा वा न दाबा, अक्षर लहानच. आता ते फंक्शन कालबाह्य ठरवले आहे. एक्सकेबी या एक्सच्या कळफलक-विस्तारातल्या त्याच्या अवतारात गट आणि पातळी वेगवेगळे देतात.

मराठी लिहिणाऱ्याला खरा चटका शॉर्टकटमध्ये बसतो. इन्स्क्रिप्टमध्ये ‘सी’च्या जागी ‘म’ आणि ‘व्ही’च्या जागी ‘न’ आहे. त्यामुळे नुसता कीसिम तपासणाऱ्या प्रोग्रामला कॉपीऐवजी ‘कंट्रोल-म’ मिळते आणि तो ढिम्म हलत नाही. शहाणा प्रोग्राम अशा वेळी त्याच कळीचे दुसऱ्या गटातले रोमन चिन्ह शोधतो. खेळांचे उलट असते. तिथे अक्षराशी देणेघेणे नसून बोटांच्या जागेशी असते, म्हणून कीकोडच वापरावा.

जोडाक्षरांची अडचण निराळी. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट-७ला ‘क्ष’ येतो, पण युनिकोडमध्ये तो क, हलन्त आणि ष असा तिघांचा. एका घरात एकच कीसिम मावेल असे धरून चाललेला प्रोग्राम इथे अडतो. लिबएक्सकेबीकॉमन एका घरात अनेक कीसिम ठेवू देते. मात्र प्रोग्रामने ‘एकच द्या’ म्हणणारे सोपे फंक्शन वापरले, तर अशा कळीपाशी त्याच्या हाती काहीच लागत नाही.