भांगेची सरकारी चौकशी

वनस्पति एकच, पण तिच्या पानांस भांग, मादी झाडाच्या चिकट तुऱ्यांस गांजा आणि नुसत्या राळेस चरस म्हणतात. संकटांतून सोडविणाऱ्या वनस्पतींत अथर्ववेद ‘भंग’ असें एक नांव घेतो. तें हिचेंच होय, याविषयीं पंडितांचें एकमत नाहीं. वैद्यकांत तिचें स्थान अधिक निश्चित आहे. जें पचण्यापूर्वींच सर्व शरीरांत पसरतें तें ‘व्यवायि’ द्रव्य, असें सांगून शार्ङ्गधरानें उदाहरणें दिलीं तीं भांग आणि अफू यांचींच. भूक लागावी, अतिसार थांबावा म्हणून वैद्य तिची योजना करीत. पण आधीं धुऊन, वाळवून, तुपांत परतून. महाशिवरात्रीस घोटलेली भांगही दुधांत मिसळीत. तिचें मादक सत्त्व पाण्यांत जवळजवळ विरघळत नाहीं, स्निग्ध पदार्थांत विरघळतें. तें सत्त्व शुद्ध रूपांत रसायनशास्त्रज्ञांच्या हातीं लागलें १९६४ सालीं.

१८३९ च्या सुमारास कलकत्त्यास डॉ. ओशॉनेसी यांनीं धनुर्वाताच्या रोग्यांस गांजाचा अर्क देऊन पाहिला, आणि हें औषध विलायतेस पोहोंचलें. त्याच विलायतेंत अर्धशतकानंतर ओरड उठली कीं, गांजामुळें हिंदुस्थानांतील वेड्यांचीं इस्पितळें भरत आहेत. पार्लमेंटांत प्रश्न निघाला आणि १८९३ सालीं सरकारनें सात सभासदांचें कमिशन नेमलें. वैद्य, हकीम, शेतकरी, मिशनरी, अंमलदार अशा १,१९३ जणांच्या साक्षी झाल्या.

इस्पितळांचे दाखले मुळापासून तपासले, तेव्हां मौज बाहेर आली. रोग्याबरोबर येणाऱ्या कागदांत ‘वेडाचें कारण’ असा एक रकाना असे. तो रिकामा कसा ठेवावा? मग खरें कारण ठाऊक नसलें, कीं त्यांत ‘गांजा’ हा शब्द सहज पडे. मनुष्य कधींकाळीं चिलीम ओढी, एवढा पुरावा पुरेसा होई. अशा रकान्यांची बेरीज म्हणजे सरकारी आंकडे!

मुंबईचे अधिकारी जे. एम. कॅम्पबेल यांनीं भांगेच्या धार्मिक महत्त्वाविषयीं लिहिलेलें टिपण अहवालास जोडलेलें आहे. जी वनस्पति भाविक शंकरास वाहतात, तिच्यावर सरसकट बंदी घातल्यास लोक दुखावतील आणि कांहीं याहून घातक व्यसनांकडे वळतील, असें कमिशनचें मत १८९४ मध्यें पडलें. मित सेवनापासून बहुधा अपाय नाहीं, अतिरेकापासून आहे. म्हणून बंदी नको, परवाने व कर असावेत, असा त्याचा अभिप्राय. या मालापासून सरकारास उत्पन्न होतें, हेंही अर्थात् विसरतां येत नाहीं. दोघां हिंदी सभासदांनीं मात्र भिन्नमतपत्रिका जोडल्या.

१९८५ च्या कायद्यानें गांजा व चरस यांवर बंदी घातली. तुऱ्यांवांचून असलेलीं पानें त्या व्याख्येबाहेर राहिलीं, आणि भांगेचे नियम राज्यांकडे गेले.