निवडलेले दैवत आणि निवडणारे दैवत

घरातील मुले रात्री उशिरापर्यंत संगणकापुढे बसून जे खेळ खेळतात, त्यांत इतिहासाच्या अभ्यासकाने पाहावे असे काय असणार, असे पुष्कळांस वाटते. तथापि जुन्या दैवतकथांचे अवशेष जसे ओव्यांत आणि लोककथांत सापडतात, तसेच ते या नव्या करमणुकीतही सापडू लागले आहेत. त्यांचा माग घेत गेले असता कधी कधी आपण एखाद्या जिवंत समाजाच्या अंगणात जाऊन पोहोचतो. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळातील ट्रोल जमातीच्या दैवतांची कथा अशीच आहे.

हा खेळ कॅलिफोर्नियातील ब्लिझर्ड एंटरटेनमेंट या कंपनीने नोव्हेंबर २००४ मध्ये प्रसिद्ध केला. देशोदेशीची माणसे इंटरनेटच्या द्वारे एकाच काल्पनिक भूमीवर एकत्र येऊन तो खेळतात. प्रत्येक खेळाडू आपले एक पात्र घडवितो. त्याची जमात ठरवितो, योद्धा, पुरोहित, शिकारी अशा पेशांतून त्याचा पेशा ठरवितो, आणि पुढे त्याच्या अंगी कोणती विशेष शक्ती असावी हेही ठरवितो. या शक्तींना खेळाडू ‘टॅलेंट’ म्हणतात. आरंभीच्या रचनेत पात्राला दहाव्या पायरीपासून साठाव्या पायरीपर्यंत दर पायरीस एक याप्रमाणे ५१ पॉइंट मिळत, आणि ते आपल्या पेशाच्या तीन शाखांवर वाटून द्यावे लागत. एका शाखेवर अधिक खर्च केला तर दुसरीवर हात आखडावा लागे. २०१२ मध्ये ही रचना सोपी करण्यात आली आणि २०२२ मध्ये शाखांचे वृक्ष पुन्हा परत आले. बाह्य रूप असे पालटत गेले तरी मूळ तत्त्व पालटले नाही. निवड खेळाडूची, ती आपल्या लाभासाठी, आणि मन बदलले तर फिरविता येणारी.

या खेळातील ट्रोल ही मोठी संमिश्र निर्मिती आहे. ‘ट्रोल’ हे नाव स्कँडिनेव्हियाच्या लोककथांतील राक्षसांचे. त्यांची नगरे पाहावीत तर माया आणि अ‍ॅझ्टेक लोकांच्या पायऱ्यांच्या देवळांची आठवण व्हावी. त्यांची बोली कॅरिबियन बेटांवरील इंग्रजीच्या वळणाची आणि त्यांच्या देवांचे सामान्यनाम ‘लोआ’. हे नाव मात्र हैती देशातून आलेले आहे. २००५ मध्ये खेळात आलेल्या झुल्गुरुब या नगरात वटवाघूळ, सर्प, कोळी, वाघ अशा रूपांतील लोआंचे पुरोहित भेटतात. पुढे बोन्सामदी नावाचा मृतांचा स्वामी पुढे येतो. कवटीसारखे मुख, थट्टेखोर वाणी आणि देवघेवीची हौस असलेले हे दैवत हैतीच्या ‘बॅरन सामदी’चे रूपांतर आहे, हे नावावरूनच ओळखू येते.

मार्च २०१९ मध्ये झंडालारी ट्रोल हे पात्र खेळाडूंना उपलब्ध झाले. त्याला सहा लोआंपैकी एकाची कृपा स्वीकारावयाची असते. गोंक या दैवताला निवडले तर चालण्याचा वेग वाढतो. बोन्सामदीला निवडले तर शत्रूची प्राणशक्ती अधूनमधून आपल्याकडे ओढली जाते. पुढे दुसऱ्या लोआची कृपा सोयीची वाटली तर पहिल्याला सोडून तिकडे वळता येते. येथे देव हा टॅलेंटच्याच पंक्तीला येऊन बसला. आणि येथेच, ज्या लोकांकडून हे नाव घेतले त्यांची आठवण होणे अवश्य आहे.

हैतीचे पूर्वीचे नाव सँ-दोमँग. १६९७ च्या रिस्विक तहाने हिस्पानिओला बेटाचा हा पश्चिम भाग फ्रान्सला मिळाला, आणि ऊस व कॉफी यांच्या मळ्यांसाठी तेथे आफ्रिकेतून गुलामांची जहाजे येऊ लागली. १७८९ च्या सुमारास गुलामांची संख्या पाच लाखांच्या घरात होती आणि त्यांतील बहुसंख्य आफ्रिकेत जन्मलेले होते. दाहोमीच्या परिसरातील फॉन, कोंगोचे लोक, योरुबा अशा नाना जमाती एकाच मळ्यावर जुंपलेल्या. १६८५ च्या फ्रेंच गुलामी कायद्याने प्रत्येक गुलामाला कॅथॉलिक पंथाचा बाप्तिस्मा देणे बंधनकारक केले आणि इतर कोणत्याही धर्माचे उघड आचरण निषिद्ध ठरविले.

गोव्याच्या वाचकाला ही स्थिती विशेष समजावून सांगावी लागणार नाही. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास गेला आणि केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली. परंतु आपल्या पूर्वजांना नदी ओलांडून जाण्यास पलीकडचा तीर होता, आणि हाती घेऊन जाण्यास देव होते. जहाजाच्या तळाशी साखळदंडात जखडलेल्या माणसाच्या हाती काहीच नव्हते. त्याने आपली दैवते स्मरणात आणि देहात आणली. मळ्यावर त्याने त्यांना ख्रिस्ती संतांच्या तसबिरींआड बसविले. सर्परूपी दांबाला सापांसह चितारलेल्या संत पॅट्रिकच्या चित्रात वसला, आणि लोहाचा व युद्धाचा देव ओगू अश्वारूढ संत जेम्सच्या चित्रात. निरनिराळ्या जमातींची दैवते ‘राष्ट्रां’च्या नावाने एकत्र नांदू लागली. ‘रादा’ या गटाचे नाव आफ्रिकेतील अलादा राज्यावरून पडले आहे.

या धर्माला व्होदू म्हणतात आणि त्यातील दैवतांना ल्वा. सर्वांच्या वर एक परमेश्वर आहे, पण तो दूर आहे. ल्वा मात्र जवळचे, नातलगांसारखे रागावणारे आणि लोभावणारे. ढोलांच्या तालावर ते भक्ताच्या अंगात येतात. त्या भक्ताला ल्वाचा ‘घोडा’ म्हणतात आणि ल्वा हा त्यावरील स्वार. जत्रेत अवसर येताना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे दृश्य परके वाटू नये. हैतीचे भक्त आपल्या धर्माचे वर्णन ‘ल्वांची सेवा करणे’ अशा शब्दांत करतात. प्रत्येक भक्ताच्या मस्तकाचा एक स्वामी ल्वा असतो, आणि तो भक्ताने निवडलेला नसतो. ल्वाच माणसाला निवडतो. स्वप्नात येऊन, आजार देऊन, कधी पिढीजात वारशाने तो आपला हक्क सांगतो. तो हक्क मान्य केला म्हणजे व्रत आले, नैवेद्य आला, जन्माचे बंधन आले. ज्याचा देह मळेवाल्याने विकत घेतला होता, त्याच देहावर आपल्या देवाचा अधिक जुना हक्क आहे, असे या श्रद्धेने गुलामाला सांगितले. हा हक्क त्याच्या स्वत्वाचा आधार होता.

ऑगस्ट १७९१ मध्ये उत्तरेकडील मळ्यांवर जे बंड पेटले, त्यापूर्वी बुकमन या नेत्याच्या पुढाकाराने बुआ काईमाँ येथे रात्री एक विधी झाला, अशी हैतीची राष्ट्रीय परंपरा आहे. त्या विधीच्या तपशिलांविषयी इतिहासकारांत वाद आहे, बंडाविषयी मात्र नाही. १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला. तथापि ल्वांच्या मागील ससेमिरा सुटला नाही. हैतीच्याच सरकारांनी कायदे करून व्होदूचे विधी दंडनीय ठरविले, आणि १९४० नंतरच्या दोन वर्षांत चर्चने चालविलेल्या मोहिमेत ढोल, वेदी व पूजासाहित्य जाळण्यात आले. १९१५ ते १९३४ पर्यंत अमेरिकन सैन्याने देश व्यापला होता. त्याच काळात प्रवासवर्णने आणि चित्रपट यांनी व्होदूचे चेटूक आणि चालती प्रेते यांनी भरलेले भयंकर चित्र जगभर पसरविले. १९३२ चा ‘व्हाइट झोंबी’ हा त्यांतलाच. अखेर एप्रिल २००३ मध्ये हैती सरकारने व्होदूला धर्म म्हणून मान्यता दिली. त्यानंतर दीडच वर्षाने हा खेळ बाजारात आला. त्यातील ट्रोलांचे चेटूक आणि नरबळी यांवर त्या जुन्या चित्राची छाया स्पष्ट दिसते.

तरीही एक गोष्ट खेळाच्या बाजूने सांगितली पाहिजे. खेळाचे नियम देवाला सोयीची वस्तू करतात, पण त्याच्या कथा तसे करीत नाहीत. २००८ च्या भागात द्राकारी ट्रोल संकटकाळी शक्ती मिळावी म्हणून आपल्याच देवांचा वध करतात, आणि शेवटी त्यांचे राज्य नष्ट होते. २०१८ च्या भागात राजा रास्ताखान याचा कुलस्वामी रेझान मारला जातो, तेव्हा तो बोन्सामदीशी करार करतो. त्या कराराने त्याचा सारा वंश बांधला जातो आणि ते ऋण पुढे कन्या तालांजी हिच्याकडे येते. देवाकडून घेतलेले फुकट नसते, हा व्होदूचा मूळ धडा इतक्या फेरफारांतूनही कथेत टिकून राहिला आहे. खेळाडू क्षणात दैवत बदलतो, पण त्याच खेळातील राजाला ते बदलता येत नाही.

म्हणून मुलांनी हा खेळ खेळू नये, असे माझे म्हणणे नाही. उपमा-रूपकांप्रमाणे देवही एका संस्कृतीतून दुसरीत जातात आणि जाताना रूप पालटतात, हे जगाच्या प्रारंभापासून चालत आले आहे. मात्र लोआ हा शब्द त्यांच्या कानावर पडेल तेव्हा, तो कोणा कल्पक लेखकाने सुचलेला म्हणून लिहिला नाही, एवढे त्यांना ठाऊक असावे. चाबकाच्या भीतीखाली तो शब्द जपून ठेवणारी माणसे होऊन गेली, आणि त्यांचे वंशज आजही संध्याकाळी दिवा लावून त्याच नावांनी हाक मारीत आहेत. आपल्या कुलदेवतेचे नाव परक्याने आदराने घ्यावे अशी ज्याची इच्छा असेल, त्याने दुसऱ्याच्या देवाचे नावही तसेच घ्यावे.