निबंधाच्या वहीतील आम्ही

मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने छत्रीचे आत्मवृत्त लिहिलेले असते. फाटके पुस्तक, वाहती नदी, पडका वाडा, म्हातारा बैल अशा सर्वांच्या तोंडून आम्ही बोललो. स्वतःच्या तोंडून बोलण्याची वेळ मात्र शाळेने आमच्यावर क्वचितच आणली. 'माझा आवडता सण' हा विषय आला की वर्गातील इतर मुलांप्रमाणे आम्हीही दिवाळीवर लिहीत असू. उटणे, अभ्यंगस्नान, मातीचा किल्ला, फराळाचे ताट हे सारे गाईडमधून पाठ केलेले. आमच्या घरात यातले काहीच नव्हते. पण दहापैकी आठ गुण मिळत आणि गुण मिळाल्यावर निबंध कोणाचा, असे विचारण्याचे कारण उरत नसे.

आमचे बालपण नागपूर जिल्ह्यातील पारशिवनीत गेले. एका अंगाला पेंचचे जंगल आणि नवेगाव खैरीचे धरण, दुसऱ्या अंगाला कन्हानकडच्या कोळसा खाणी. जवळच्या कामठीत मुसलमानांची मोठी वस्ती आणि उर्दूची जुनी परंपरा. पारशिवनीच्या बाजूला विखुरलेल्या आमच्यासारख्या घरांतील मुलांच्या वाट्याला मात्र मराठी शाळाच आली. घरात हिंदी-उर्दूची सरमिसळ, बाजारात वऱ्हाडी वळणाची मराठी आणि वहीत पुस्तकी मराठी, असा आमचा तीन भाषांचा संसार होता.

सातवीत असताना मराठीच्या गुरुजींनी प्रत्येकाला एक जादा वही करायला सांगितली. दर शनिवारी, सकाळच्या शाळेत, त्या वहीत एक पान लिहायचे. विषय एकच, आपल्या घरातील गोष्ट. गुण नाहीत. पहिल्या शनिवारी आम्ही सवयीने दिवाळीच लिहिली. गुरुजींनी खाली लाल शाईने एवढेच विचारले होते, "हे तुझ्या घरचे आहे का?" पुढच्या शनिवारी आम्ही ईद लिहिली. अम्मीने आदल्या रात्री भिजवलेली खारीक, सकाळची घाई, अब्बांच्या शेरवानीचे तुटलेले बटण. त्या पानात घरातील सर्व माणसे आली. नव्हती फक्त आपा. तिची शाळा सातवीनंतर बंद झाली होती. आमची फी वेळेवर भरली जात होती आणि तिची पुस्तके माळ्यावर गेली होती. ही गोष्ट घरात रोज डोळ्यांसमोर होती, पण ती आम्हाला दिसली कागदावर, आणि तीही लिहिलेल्या शब्दांमुळे नव्हे, न लिहिलेल्या नावामुळे.

शाळेच्या वहीतून माणूस स्वतःला पाहू लागतो, याचा महाराष्ट्रातील सर्वांत ठळक दाखला पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली आणि पुढे अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलामुलींसाठीही शाळा सुरू केल्या. त्यांच्या शाळेतील मांग समाजाची एक विद्यार्थिनी म्हणजे मुक्ता साळवे. तिने लिहिलेला 'मांग महारांच्या दुःखाविषयी' हा निबंध 'ज्ञानोदय' या नियतकालिकाच्या १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ च्या अंकांत दोन भागांत छापून आला. 'ज्ञानोदय' हे अमेरिकन मराठी मिशनचे पत्र, १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू झालेले. मुक्ता तेव्हा अवघी चौदा वर्षांची होती.

या निबंधात छत्री बोलत नाही. मांगाची मुलगी बोलते. पेशवाईत तालीमखान्यासमोरून जाणाऱ्या मांग-महाराचे मस्तक कसे उडवले जाई आणि गुलटेकडीच्या मैदानात त्याचा चेंडू कसा केला जाई, वाड्यांच्या पायात माणसे कशी पुरली जात, हे ती सांगते. ज्या बायकांच्या बाळंतपणाला डोक्यावर छप्पर नाही, त्यांनी थंडीपावसात कसे सोसले असेल, हे ती वाचणाऱ्याला स्वतःच्या घरातील बाळंतपण आठवून पाहायला सांगते. पुढारलेल्या घरातील कोणा लेखकाला हा तपशील सुचला नसता. तो सुचायला तशा घरात जन्म घ्यावा लागतो, आणि तो लिहायला शाळेत जावे लागते. मुक्तापाशी या दोन्ही गोष्टी होत्या आणि त्या एकत्र येण्याचा प्रसंग महाराष्ट्रात त्यापूर्वी फारसा घडला नव्हता.

आम्हा मुसलमान वाचकांना या निबंधातील आणखी एक जागा थांबवते. वेद फक्त ब्राह्मणांचे असतील तर आम्ही धर्मपुस्तकाविना आहोत, हे उघडच झाले, असे मुक्ता म्हणते. मुसलमान कुराणाप्रमाणे चालतात, इंग्रज बायबलाप्रमाणे, ब्राह्मणांपाशी वेद आहेत. बरावाईट का होईना, त्यांना आपापला धर्म आहे, म्हणून ते आमच्याहून थोडेफार सुखी आहेत, असा तिचा युक्तिवाद आहे. मग आमचा धर्म कोणता, हा प्रश्न ती थेट देवालाच विचारते. ही ओळ प्रथम वाचली तेव्हा आम्हाला क्षणभर अभिमान वाटला. दुसऱ्या क्षणी आपाची माळ्यावरची पुस्तके आठवली. ज्यांच्यापाशी पुस्तक आहे ते सुखी, असे त्या मुलीला वाटले होते. ज्या पुस्तकाचा पहिला शब्दच 'इक़रा', म्हणजे वाच, असा उतरला, ते पुस्तक मानणाऱ्या आमच्या घरात मुलीचे वाचणे सातवीत थांबले होते. मुक्ताने आम्हाला दिलेले हे प्रशस्तिपत्र स्वीकारण्याआधी आम्ही आमच्या घरचा हिशेब तपासणे भाग होते.

मुक्ता केवळ गाऱ्हाणे मांडून थांबत नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. शेवटी ती आपल्याच लोकांकडे वळते. तुम्ही दरिद्री आहात, दुखणाईत आहात आणि ज्ञान हेच तुमचे औषध आहे, असे त्यांना बजावते. आत्मपरीक्षण म्हणतात ते हेच. आधी स्वतःचे दुःख दिसणे, मग ते एकट्याचे नाही हे कळणे, मग ते देणाऱ्याला जाब विचारणे आणि अखेर आपल्या माणसांनाही चार शब्द सुनावणे. चौदा वर्षांच्या मुलीने हा सारा प्रवास एका निबंधात केला.

त्याच शाळांच्या इतिहासात आमच्या घरातील एक नाव आहे, फातिमा शेख. सावित्रीबाईंची सहकारी म्हणून आपण तिचा गौरव करतो. सावित्रीबाई आजारपणात माहेरी नायगावला गेल्या असताना त्यांनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतीरावांना पाठवलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. आपल्या गैरहजेरीत तिच्यावर कामाचा भार पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असा विश्वास त्या व्यक्त करतात. फातिमाने स्वतः लिहिलेले मात्र एकही पान आपल्यापाशी नाही. याची किंमत काय, ते २०२५ च्या जानेवारीत दिसले. फातिमा शेख ही कल्पनेतून उभी केलेली व्यक्ती आहे, असा दावा समाजमाध्यमांवर झाला आणि देशभर वाद माजला. अभ्यासकांना सावित्रीबाईंच्या त्या पत्राकडे बोट दाखवावे लागले. मुक्ता साळवे होती की नव्हती, असे कोणी विचारत नाही, कारण तिचा निबंध आहे. फातिमेसाठी मात्र दुसऱ्याच्या पत्रातील दोन ओळींची साक्ष काढावी लागते. जी कुरकुर करीत नाही, तिचे म्हणणे इतिहासात नोंदले जात नाही.

आमच्या समाजातील स्त्रियांना लिहायचे नव्हते, असे मात्र कोणी समजू नये. लाहोरला १८९८ मध्ये मुहम्मदी बेगम आणि सय्यद मुमताज़ अली यांनी 'तहज़ीब-ए-निसवाँ' हे स्त्रियांचे उर्दू साप्ताहिक सुरू केले, तेव्हा पडद्यातील बायकांना आपले म्हणणे छापून येण्याची एक जागा मिळाली. मराठीत ही जागा उशिरा मिळाली. सोलापूरला १९९० मध्ये पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. रज़िया पटेल यांचे 'चाहूल' आले, मेहरुन्निसा दलवाई यांचे 'मी भरून पावले आहे' आले. मराठी बोलणारी मुसलमान स्त्री मराठीत 'मी' म्हणू लागली. मुक्ताच्या निबंधानंतर यायला सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लागला, हे आपण मान्य केले पाहिजे. त्याचा दोष आपण इतरांना देत आलो आहोत. मराठीने आम्हाला परके मानले हे खरे. पण आपाची पुस्तके माळ्यावर टाकायला बाहेरचा कोणी आला नव्हता.

त्या वर्षअखेर गुरुजींनी वह्या परत केल्या. आमच्या वहीत आपावर लिहिलेले एक पान होते. ते आम्ही घरी वाचून दाखवले नाही. तेवढे धैर्य नव्हते. वही तिलाच दिली. तिने ते पान वाचले आणि खाली पेन्सिलने दुरुस्ती केली. आम्ही लिहिले होते की तिला घरकामाची आवड म्हणून तिने शाळा सोडली. तिने 'सोडली' हा शब्द खोडून 'सोडवली' असे लिहिले. आमच्या घरातील स्त्रीने मराठीत लिहिलेला, आम्हाला माहीत असलेला, तो पहिला शब्द.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. शिष्यवृत्ती, वसतिगृह, आरक्षण यांसाठीचे लढे चालू राहोत. त्यांच्या जोडीला पारशिवनीसारख्या गावोगावच्या शाळेत शिकणाऱ्या आपल्या मुलींच्या हातात एक कोरी वही द्यावी. तिला गुण नकोत, गाईड नको. तिने आपल्या घराबद्दल लिहिलेले वाचण्याची तयारी तेवढी आपण ठेवावी. त्या पानावर आपल्याविरुद्ध काही लिहिलेले असेल, तर ते आधी वाचावे.