नारायणराव आणि बालगंधर्व

मराठी रंगभूमीच्या इतिहासात बालगंधर्वांचे नाव निघाले, की कौतुक आधी पुढे येते आणि चिकित्सा मागे राहते. हे स्वाभाविकच आहे. ज्यांनी ते गाणे समोर बसून ऐकले त्यांची पिढी आता जवळजवळ सरली. उरल्या त्या ध्वनिमुद्रिका, छायाचित्रे आणि घराघरांतून चालत आलेल्या आठवणी. परंतु येथे त्यांच्या गाण्याची थोरवी सांगण्याचा हेतू नाही. नारायण श्रीपाद राजहंस नावाचा एक पुरुष सुमारे तीस वर्षे रंगभूमीवर स्त्री म्हणून वावरला. त्या वावरण्याने त्याला काय दिले आणि त्याच्यापासून काय घेतले, एवढाच प्रश्न आपणापुढे ठेवावयाचा आहे.

नारायणरावांचा जन्म २६ जून १८८८ चा. लहानपणी पुण्यास त्यांचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांना ‘बालगंधर्व’ म्हटले, अशी परंपरागत समजूत आहे. पोरवयात मिळालेले हे नाव त्यांना अखेरपर्यंत पुरले. त्यातील ‘बाल’ कधी प्रौढ झाला नाही, आणि मूळचा ‘राजहंस’ लोकांच्या ध्यानातही राहिला नाही.

किर्लोस्कर नाटक मंडळीचे भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये वारले. स्त्रीभूमिका गाजविणारा असा गायक नट गेल्याने मंडळीची जागा रिकामी पडली होती. नारायणरावांचा गळा होता, रूप होते. ऐकण्याचा मात्र दोष होता. कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या आश्रयाने मिरजेस कानावर उपचार झाले, आणि १९०५ मध्ये त्याच मिरजेत ते किर्लोस्कर मंडळीत दाखल होऊन शकुंतलेच्या वेषात उभे राहिले. म्हणजे स्त्रीभूमिका ही त्यांची लहर नव्हती. ती एका धंद्याची निकड होती, आणि त्या निकडीला एक मुलगा सापडला.

त्या धंद्याची शिस्त किती कठोर होती, हे १२ मार्च १९११ या दिवसाने दाखविले. मुंबईस खाडिलकरांच्या ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता, आणि त्याच दिवशी नारायणरावांची लहान मुलगी वारली. प्रयोग रद्द झाला नाही. बाप घरचे दुःख घरी ठेवून भामिनी झाला. या प्रसंगाचे आपण निष्ठा म्हणून गुणगान करतो, आणि ते योग्यच आहे. पण त्या रात्री नारायणरावांना बाप म्हणून रडावयास जागा नव्हती, हेही लक्षात घेतले पाहिजे.

पुढचा वैभवाचा काळ सर्वांस ठाऊक आहे. १९१३ मध्ये गणेशराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. १९१६ मध्ये ‘स्वयंवर’ आले. त्याच्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या. खरे शालू, खरी अत्तरे, तबल्यावर अहमदजान तिरखवाँ, सारंगीवर कादरबक्ष! बालगंधर्वांचे नेसणे, त्यांचा अंबाडा, त्यांचा गजरा पाहून घरंदाज बायका तसे नटू लागल्या. आणि १९१९ मध्ये गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’त ह्याच नटाने सिंधूसाठी ठिगळांचे लुगडे नेसले, तेव्हा शालूंना सरावलेले प्रेक्षागृह त्या ठिगळांपुढेही तितकेच विरघळले. म्हणजे मोहिनी केवळ वस्त्रांची नव्हती.

येथे एक विसंगती दिसते. स्त्रियांनी कसे नटावे, हे एक पुरुष रंगभूमीवरून शिकवीत होता. आणि खुद्द स्त्रीने त्या रंगभूमीवर पाऊल ठेवले, तर प्रतिष्ठित समाज तिच्याकडे पाठ फिरवीत होता. स्त्रियांच्या काही स्वतंत्र नाटक मंडळ्या होत्या, पण त्यांना तो मान नव्हता. हिराबाई पेडणेकरांनी नाटक लिहिले. त्यांचे ‘दामिनी’ केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्श मंडळीने रंगभूमीवर आणले. परंतु बाईने लिहिलेल्या नाटकातल्या बायकाही तेथे पुरुषच रंगवीत. नारायणरावांची कला अव्वल दर्जाची होती, यात शंका नाही. मात्र ज्या आसनावर ती बसली, ते दुसऱ्या कोणाला तरी दाराबाहेर उभे करून रिकामे ठेवलेले होते. तो दोष नारायणरावांचा नव्हे, समाजाचा. पण त्याची किंमत शेवटी त्यांनाही भरावी लागली.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव भोसले. ह्याच केशवरावांनी ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’त मृणालिनी रंगविली होती, ते लुगडे सोडून पुरुषवेषात आले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव निवर्तले. पुढे दीनानाथ मंगेशकरही लतिकेची भूमिका केलेले असून धैर्यधर म्हणून गाजले. विष्णुपंत पागनीस स्त्रीपार्टी म्हणून वावरले आणि १९३६ मध्ये प्रभातच्या ‘संत तुकाराम’मधून तुकाराम म्हणून घरोघरी पोचले.

मग नारायणरावांनाच का निघता आले नाही? याचे उत्तर बहुधा त्यांच्या हौसेत शोधले जाते. मला ते अपुरे वाटते. मंडळीची मालकी आणि कर्ज दोन्ही पुढे त्यांच्या एकट्याच्या अंगावर आली होती. शेकडो मैल फिरणारे ते बिऱ्हाड, त्यातले गडी, वादक, आचारी, सारे एका पदरावर पोसले जात होते. तिकीट काढणाऱ्याला रुक्मिणी पाहिजे होती, भामिनी पाहिजे होती. नारायणराव कोणालाच नको होते! वय वाढले, देह सुटला, तरी तो पदर खाली ठेवण्याची सोय उरली नाही.

काळ मात्र थांबला नाही. १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटात दुर्गाबाई खोटे तारामती झाल्या. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतरच्या ‘आंधळ्यांची शाळा’त स्त्रियांनी स्त्रीभूमिका केल्या, आणि सुशिक्षित प्रेक्षकांनी ते स्वीकारले. १९३५ मध्ये नारायणराव ‘धर्मात्मा’ चित्रपटात पुरुषवेषात, एकनाथ म्हणून, दिसले. पण तेथे ते रमले नाहीत. १९३७ मध्ये ‘साध्वी मीराबाई’त ते पुन्हा स्त्री झाले. दिव्यांच्या उजेडात दुरून जे शोभले, ते कॅमेऱ्याच्या जवळिकीत टिकले नाही. पुढे गोहरबाई कर्नाटकी मंडळीत आल्या, त्यांनी स्त्रीभूमिका घेतल्या आणि नारायणराव पुरुषवेषात उभे राहू लागले. पण तोपर्यंत अंगातले बळ ओसरले होते. पुढे पायांनीही साथ सोडली. १९६४ मध्ये पद्मभूषण मिळाले. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला.

मोरवा, मुर्धा, राई या आपल्या गावांना आता नाटकासाठी मुंबई गाठावी लागत नाही. मीरा-भाईंदरमध्ये २०२२ मध्ये नाट्यगृह उघडले. त्याला नाव लता मंगेशकरांचे, म्हणजे त्याच दीनानाथांच्या कन्येचे. ज्या पिढीत बापाने स्त्रीवेष घेतला, तिच्या पुढच्याच पिढीत लेकीचे नाव नाट्यगृहाच्या कमानीवर चढावे, इतका समाज बदलला. बालगंधर्वांचा गौरव अवश्य करावा. मात्र तो करताना दोघांचे स्मरण ठेवावे: त्या काळी दाराबाहेर राहिलेल्या अनाम गायिकांचे, आणि शालूच्या आत तीस वर्षे मुकाट्याने उभ्या राहिलेल्या नारायणरावांचे.