भिक्षेकऱ्यांना दान : ख्रिस्ती विचार आणि नवी मुंबईतील आचार

रस्त्यावर हात पसरणाऱ्याला द्यावे की नाही, या प्रश्नावर ख्रिस्ती धर्मात दोन हजार वर्षे चाललेला विचार आणि नवी मुंबई-पनवेल पट्ट्यात त्याने घेतलेले रूप हा या नोंदीचा विषय आहे.

शास्त्राधार : डोंगरावरील प्रवचनात येशू दोन गोष्टी सांगतो. मागणाऱ्याला द्यावे (मत्तय 5:42) आणि देताना गाजावाजा करू नये (मत्तय 6:1-4). मागणारा लायक आहे की नाही, याची चौकशी तो दोन्ही ठिकाणी करायला लावत नाही. शुभवर्तमानांत भिकारी वारंवार भेटतात. यरीहोच्या वाटेवर बसलेला आंधळा बार्तिमय त्यांपैकी एक. श्रीमंताच्या दाराशी पडलेला, अंगभर फोड आलेला लाजार दुसरा. या दृष्टान्तातल्या श्रीमंताने लाजाराला हाकलले किंवा मारले, असे कुठेही म्हटलेले नाही. तो रोज दारातून ये-जा करत राहिला, एवढाच त्याचा अपराध. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात मंदिराच्या दाराशी बसलेला पांगळा पेत्र आणि योहान यांच्याकडे पैसे मागतो. पेत्राकडे पैसे नसतात. तो त्याला आधी आपल्याकडे बघायला सांगतो आणि मग हात धरून उभे करतो.

पैसे देऊ नयेत असे म्हणणारे ख्रिस्ती लोक पौलाचा आधार घेतात. काम करायची इच्छा नसेल त्याने खाऊही नये, असे त्याने थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिले आहे (2 थेस्सल. 3:10). हा आधार कच्चा आहे. पौलाचा रोख मंडळीतल्याच धडधाकट रिकामटेकड्यांवर आहे, वेशीवरच्या पांगळ्यावर नाही.

आरंभीच्या मंडळीतही एकमत नव्हते. ‘दिदाखे’ या फार जुन्या नियमपुस्तिकेत मागणाऱ्या प्रत्येकाला द्यायला सांगितले आहे. त्याच प्रकरणात, आपण कोणाला देतो हे कळेपर्यंत दान हातात घामेजू द्यावे, असेही एक वचन येते. चौथ्या शतकात अंत्युखियात प्रवचने करणाऱ्या योहान ख्रिसोस्तोमने भिकाऱ्याची उलटतपासणी घेणाऱ्यांना चांगलेच फटकारले. मार्टिन लूथरने 1520मध्ये ख्रिस्ती देशांतून भीक मागण्याची प्रथाच संपवावी, प्रत्येक शहराने आपापले गरीब पोसावेत, असा आग्रह धरला. 1523मध्ये लायझ्निग गावात त्यासाठी सामाईक पेटीची व्यवस्था झाली. रस्त्यावरचे नाणे पेटीत आणि पेटीतून संस्थेत गेले, ते अशा व्यवस्थांतून. पोप फ्रान्सिस यांनी 2017मध्ये मिलानच्या एका नियतकालिकाला दिलेल्या मुलाखतीत नेमके उलट टोक धरले. मदत करणे केव्हाही योग्यच, मात्र देताना त्या माणसाच्या डोळ्यांत पाहावे, त्याच्या हाताला स्पर्श करावा, असे ते म्हणाले.

महाराष्ट्रातील पूर्वपीठिका : मराठी ख्रिस्ती परंपरेत या प्रश्नाला पंडिता रमाबाईंच्या (1858-1922) आयुष्याची धार आहे. त्यांच्या पुराणिक आईवडिलांनी पुण्यप्राप्तीसाठी जवळचा पैसा दानात संपवला आणि 1870च्या दशकातल्या दुष्काळात ते अन्नावाचून गेले. पुढे 1896-97च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे 300 मुली-स्त्रियांना सोबत घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती सदन त्यातून उभे राहिले. तिथे जेवणाबरोबर शिक्षण आणि हातांना कामही मिळे. दान म्हणजे देणाऱ्याचे पुण्य, हा हिशेब त्यांनी घरच्या मोलाने तपासला होता.

नवी मुंबई : सिडकोने 1970नंतर वसवलेल्या या शहरात ख्रिस्ती वस्ती बरीचशी स्थलांतरितांची आहे. मुंबई महाधर्मप्रांताच्या कॅथलिक पॅरिश, 1988मध्ये धर्मप्रांत म्हणून स्थापन झालेल्या कल्याण महाधर्मप्रांताचे सिरो-मलबार केरळी, मारथोमा आणि पेंटेकॉस्टल मंडळ्या, शिवाय मराठी प्रोटेस्टंट कुटुंबे असा हा संमिश्र समाज. माहीमच्या चर्चमधल्या बुधवारच्या नोव्हेना-प्रार्थनेला दाराबाहेर लागते तशी याचकांची रांग इथल्या सेक्टरांत आखून दिलेल्या भूखंडांवरील चर्चपुढे सहसा दिसत नाही. इथला याचक स्टेशनच्या भुयारी मार्गात, सायन-पनवेल महामार्गाच्या सिग्नलला भेटतो, म्हणजे देणारा घाईत असतो तिथे. त्यामुळे रविवारचे दान पेटीत पडते आणि सोमवारचा प्रश्न फलाटावर तसाच उरतो.

या पट्ट्यातला सर्वांत ठळक ख्रिस्ती प्रयत्न म्हणजे पनवेलजवळचा सील आश्रम. पाळक के. एम. फिलिप यांनी तो 1999मध्ये सुरू केला. ‘सोशल अँड इव्हँजेलिकल असोसिएशन फॉर लव्ह’ या नावाची आद्याक्षरे जोडून ‘सील’. मुंबई आणि परिसरातल्या रस्त्यांवर, फलाटांवर, पुलांखाली बेवारस पडलेल्या माणसांना इथे आणले जाते. त्यांत मनोरुग्ण असतात, जखमा चिघळलेले आणि क्षयाने खंगलेले असतात. आधी अंघोळ आणि मलमपट्टी, मग औषधोपचार. आठवण परतू लागली की बोलीवरून, एखाद्या गावाच्या नावावरून घराचा माग काढायचा आणि शक्य तिथे माणूस घरी पोचवायचा, असा कामाचा क्रम आहे. जवळच कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांचे श्रद्धा पुनर्वसन केंद्र धर्मनिरपेक्ष भूमिकेतून हेच काम करते. त्यासाठी वाटवानींना 2018चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

‘सील’च्या नावातच सुवार्ताप्रसार असल्याने हेतूविषयी शंका विचारली जाते, आणि ती विचारणे रास्त आहे. तिला माप शुभवर्तमानातच मिळते. चांगल्या शोमरोनीने (लूक 10) जखमी माणसाला कसलीही अट घातली नाही. त्याच गोष्टीतला दुसरा तपशील सहसा सुटतो. त्या जखमी माणसाने काही मागितलेलेच नव्हते, तो मागण्याच्या स्थितीत नव्हता. आणि शोमरोनीने पैसे दिले ते त्याच्या हातात नव्हे, तर उतारशाळेच्या मालकाला, पुढच्या खर्चाची हमी देऊन. द्यावे की न द्यावे हा सगळा वाद हात पसरू शकणाऱ्यांबद्दल आहे. ज्याला हातही पसरता येत नाही, त्याच्याबद्दल या धर्मात वादाला जागा नाही.

कायदा : महाराष्ट्रात मुंबई भीक मागण्यास प्रतिबंध अधिनियम, 1959 लागू आहे. त्यानुसार पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात. पहिल्यांदा दोषी ठरल्यास 1 ते 3 वर्षे भिक्षेकरीगृहात स्थानबद्धता होऊ शकते, वारंवार सापडल्यास ती 10 वर्षांपर्यंत जाते. गाऊन, नाचून किंवा भविष्य सांगून पैसे मागणेही या व्याख्येत येते. दिल्लीपुरत्या या कायद्याच्या प्रमुख तरतुदी तिथल्या उच्च न्यायालयाने 8 ऑगस्ट 2018 रोजी घटनाबाह्य ठरवल्या. 2021मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही रस्त्यांवरून भिकारी हटवण्याचा आदेश देण्यास नकार दिला. गरिबी हेच भीक मागण्याचे कारण असल्याची नोंद त्याने केली. 1959च्या कायद्यात भीक मागणाऱ्याला आणि इतरांना भीक मागायला लावणाऱ्याला शिक्षा आहे, देणाऱ्याला नाही. तेव्हा कायदा आड येतो, हे न देण्याचे कारण महाराष्ट्रात तरी लागू पडत नाही.

बेवारस मनोरुग्णासाठी वेगळी तरतूद आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, 2017च्या कलम 100नुसार अशा भटकणाऱ्या माणसाला संरक्षणात घेऊन 24 तासांच्या आत सरकारी आरोग्यसंस्थेत नेणे पोलिसांचे कर्तव्य आहे, आणि त्यासाठी कोणीही नागरिक 112 वर फोन करू शकतो.