‘वाजवी’ म्हणजे कोणाला वाजवी?

महजर आणि निवाडपत्रे आपण जुन्या मराठी गद्याचे नमुने म्हणून वर्गात वाचतो. मग आपल्या काळातील निवाडे का वाचू नयेत? ९ मार्च २०१२ रोजी पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी मुंबईत दिलेला आदेश मी याच कुतूहलाने वाचायला घेतला. यकृताच्या आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील सोराफेनिब या औषधासंबंधीचा तो आदेश. ‘बायर’ या जर्मन कंपनीकडे त्याचे पेटंट होते. ते औषध बनवण्याचा सक्तीचा परवाना हैदराबादच्या ‘नॅटको’ कंपनीला देण्यात आला. भारतातील असा हा पहिलाच परवाना.

वादाचे मूळ किमतीत होते. रोज चार गोळ्या, महिन्याला एकशेवीस. बायरची किंमत महिन्याला २,८०,४२८ रुपये. म्हणजे एका दिवसाला नऊ हजार तीनशेहून अधिक. नॅटकोने ८,८०० रुपयांत महिनाभराच्या गोळ्या देऊ केल्या. या दोन आकड्यांमधील दरी पाहिली की आदेशाचा निष्कर्ष अटळ वाटू लागतो. पण प्रत्यक्षात तो तितका अटळ नव्हता.

त्यासाठी थोडे मागे जावे लागते. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ मध्ये सादर केलेल्या अहवालाच्या पायावर १९७० चा पेटंट कायदा उभा राहिला. औषधाचे पेटंट नाही, फक्त ते बनवण्याच्या प्रक्रियेचे, ही त्याची भूमिका. भारतीय औषध उद्योग त्या तरतुदीच्या सावलीत वाढला. पुढे जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे २००५ पासून औषधांवरही पेटंट देणे भाग पडले. सोराफेनिबला ते मार्च २००८ मध्ये मिळाले. मात्र कायद्याच्या ८४ व्या कलमाने एक खिडकी उघडी ठेवली होती: पेटंट मिळून तीन वर्षे झाल्यावर जनतेच्या वाजवी गरजा भागत नसतील, किंवा वस्तू वाजवी, परवडणाऱ्या किमतीत मिळत नसेल, किंवा पेटंटाचा देशात वापरच होत नसेल, तर परवाना मागता येतो. नॅटकोने २०११ च्या जुलैमध्ये तो मागितला.

सगळा खटला एका शब्दावर तोललेला आहे: ‘वाजवी’. मूळ आदेश इंग्रजीत आहे. मराठीत तो वाचू लागले की हा शब्द विशेष बोलका होतो. अरबीतील ‘वाजिब’ म्हणजे कर्तव्य म्हणून बंधनकारक असलेले. फार्सीच्या वाटेने तो शब्द आपल्या दफ्तरांत आला आणि हळूहळू ‘रास्त’, ‘बेताचे’ अशा सौम्य अर्थापर्यंत उतरला. बायरचे म्हणणे असे की, संशोधनाचा खर्च लक्षात घेता किंमत वाजवी आहे. नियंत्रकांनी प्रश्न उलटा केला: परवडायचे कोणाला? जनतेला. म्हणजे वाजवीपणा विकणाऱ्याच्या हिशेबवहीत शोधायचा नाही, घेणाऱ्याच्या खिशात शोधायचा.

बायरचा दुसरा युक्तिवाद तर एखाद्या फार्समध्ये शोभावा. ‘सिप्ला’ ही भारतीय कंपनी आधीपासूनच स्वस्तात सोराफेनिब विकत होती, आणि बायरने तिच्यावर पेटंटभंगाचा दावा लावलेला होता. तरीही बायरने म्हटले की, सिप्लाची विक्री धरली तर जनतेची गरज भागतेच आहे! एका न्यायालयात ज्याला चोर म्हणायचे, त्याचाच माल दुसरीकडे स्वतःच्या बाजूने मोजायचा. नियंत्रकांनी हे मान्य केले नाही. बायरने स्वतः २००८ मध्ये भारतात औषध आणलेच नव्हते आणि २००९ मध्ये सुमारे दोनशे डबे आणले होते. गरजू रुग्ण मात्र हजारोंनी होते.

नॅटकोने विक्रीच्या सहा टक्के स्वामित्वशुल्क द्यावे आणि दरवर्षी किमान सहाशे गरजूंना औषध मोफत पुरवावे, असे ठरले. अपिलात २०१३ मध्ये शुल्क सात टक्के झाले. १५ जुलै २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने परवाना कायम ठेवला. औषधाच्या बाबतीत ‘पुरेसे’ म्हणजे शंभर टक्के, प्रत्येक रुग्णापर्यंत, असे त्या निकालाचे प्रतिपादन आहे. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातील सर्वांत धाडसी विधान हेच. ‘वाजिब’चा जुना, बंधनाचा अर्थ इथे अवचित परत आल्यासारखा वाटतो.

पण या कागदपत्रांत रुग्ण कुठे आहे? तो पक्षकार नाही. पक्षकार आहेत दोन कंपन्या. रुग्ण येतो तो बहुधा षष्ठी विभक्तीत: रुग्णांची संख्या, रुग्णांची गरज. तो भागाकारातील छेद आहे. सोराफेनिब यकृताचा कर्करोग बरा करत नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत हे औषध घेणाऱ्यांचे मध्यक आयुर्मान १०.७ महिने होते, न घेणाऱ्यांचे ७.९. म्हणजे वाद चालला होता तो जेमतेम तीन महिन्यांवर. त्या काळात तळहात आणि तळपाय लाल होऊन सोलवटतात, जुलाब लागतात, थकवा जात नाही. चहाचा पेला धरणेही कठीण व्हावे अशी अवस्था होऊ शकते. असे तीन महिने ‘परवडतात’ का, हा प्रश्न रुग्ण आणि त्याचे घर रात्री बसून सोडवत असते. त्याचे उत्तर कोणत्याही कलमात मावत नाही. मात्र पूर्वी किंमतच उत्तर देऊन टाकत होती. परवान्यानंतर निदान ज्यांना ८,८०० रुपये उभे करता येत होते, त्यांना तो प्रश्न स्वतःला विचारता येऊ लागला. मला ही गोष्ट लहान वाटत नाही.

२०१३ मध्ये डासाटिनिब या रक्ताच्या कर्करोगावरील औषधासाठी दुसऱ्या एका कंपनीने असाच अर्ज केला. तो फेटाळला गेला. सोराफेनिबच्या पेटंटाची मुदत २०२० च्या जानेवारीत संपली. त्याच वर्षी यकृताच्या कर्करोगावरील एका नव्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शिरेतून द्यायच्या अटेझोलिझुमॅब आणि बेव्हॅसिझुमॅब या जोडीवर वर्षभराने ६७ टक्के रुग्ण हयात होते, सोराफेनिबवर ५५ टक्के. यांतील पहिले औषध जैविक आहे, पेटंटाखालचे आहे, आणि गोळीसारखी त्याची नक्कल कोणत्याही कारखान्यात करता येत नाही.